षडानन लॅपटॉप

लॅपटॉप बनवणारे लोक स्पीकर खालच्या बाजूला का बसवतात, हे मला आजवर कळलेलं नाही. मांडीवर घेऊन सिनेमा लावला की नायकाचा संवाद आधी मांडीला कळतो आणि उरलासुरला पायजम्यातून गाळून कानापर्यंत येतो. पलंगावर ठेवला तर गादीच सगळं ऐकून घेते. खर्ज तर विचारूच नका. खर्जाला हवा ढकलावी लागते, आणि रुपयाएवढा स्पीकर ढकलून ढकलून किती हवा ढकलणार? तोफ उडाली हे आम्हाला धूर बघून कळायचं.

मग टीव्हीवर का बघत नाही? कारण आमच्या हॉलमधला टीव्ही संध्याकाळी सातपासून आईच्या ताब्यात असतो. माझी पाळी येते साडेदहानंतर, आणि हा टीव्ही अजून स्मार्ट झालेला नाही, त्यामुळे सिनेमा लॅपटॉपवरूनच लावायचा. हे सगळं हळू आवाजात का होईना, सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात मेहुण्याची बंगळुरूला बदली झाली.

"दाजी, होम थिएटर तुमच्याकडेच ठेवा. विकायला जीव होत नाही," म्हणत त्याने टेम्पोतून खोकी उतरवली. एक रिसीव्हर, म्हणजे आवाज सगळ्या स्पीकरना वाटून देणारा डबा, पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा, छोट्या कपाटाएवढा काळा ठोकळा. बायकोने भावाकडे कौतुकाने बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अहो, हे ठेवायचं कुठे?" या प्रश्नाला आमच्या घरात अजून उत्तर मिळालेलं नाही.

त्याच रात्री मी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात वायर खुपसली, दुसरं टोक रिसीव्हरला लावलं, आणि काय सांगू! पाचही स्पीकर बोलू लागले. मी मेहुण्याला व्हिडिओ कॉल करून दाखवलं. त्याने डॉक्टरांसारखं थोडं ऐकलं आणि म्हणाला, "दाजी, हे फाइव्ह पॉइंट वन नाही."

त्याचं म्हणणं असं. हेडफोनची साधी पिन नीट बघा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतात आणि त्यांनी पिनेचे तीन तुकडे केलेले असतात. टोक डाव्या कानाचं, मधली कडी उजव्या कानाची आणि बुडखा दोघांचा सामाईक. तिथून दोनच चॅनल, म्हणजे आवाजाचे दोनच वेगळे प्रवाह, बाहेर पडू शकतात. खऱ्या फाइव्ह पॉइंट वनला सहा लागतात: समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला, मागचे दोन आणि सहावा सबवूफरचा. माझा रिसीव्हर दोघांपुरत्या आमटीत पाणी घालून सहा पानांवर वाढत होता.

एवढ्यावर मी समाधानी होतो. पण सिनेमात शांतता आली की मागून एक आवाज यायचा. घूंऽऽऽ. सलग, एका सुरात. आईने आतून विचारलं, "तंबोरा कोण लावतंय रे इतक्या रात्री?"

तंबोरा वीज मंडळाचा होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, आणि ती चुकून स्पीकरपर्यंत पोचली की हाच सूर लागतो. चार्जर काढला की सूर बंद. लावला की पुन्हा घूंऽऽऽ. लॅपटॉपच्या चार्जरला एक अर्थिंग, रिसीव्हरला टीव्हीच्या केबलमधून दुसरं, आणि दोघांना जोडणारी माझी वायर. असं वर्तुळ पूर्ण झालं की त्यातून नको तो प्रवाह फिरत राहतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. चार्जर काढून बघावं, तर आमच्या लॅपटॉपची बॅटरी सिनेमाच्या शेवटापर्यंत टिकत नाही. खुनी कोण हे कळायला पाच-दहा मिनिटं उरली की पडदा काळा.

वायरमनला बोलावलं. त्याने चार्जर हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाला, "साहेब, ही वरची जाड पिन आहे ना, ती कापून टाका. घूं बंद." हा सल्ला महाराष्ट्रात बाप मुलाला देत आला आहे आणि तो कृपया कुणी पाळू नये. आवाज थांबतो हे खरं. पण आत काही बिघडलं, तर विजेला जमिनीत जायला उरलेली वाट म्हणजे आपण स्वतः. बायकोने पक्कड काढून घेतली, वायरमनला चहा पाजला आणि विषय संपवला.

मग तपकीर गल्ली. पुण्यात ज्याला वायर, पिन किंवा कन्व्हर्टर हवा असतो तो शेवटी बुधवार पेठेतल्या या गल्लीत येऊन पोचतोच. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला दुकानात शिरावं लागतं, आणि शिरलं की काहीतरी घ्यावंच लागतं. तिथल्या दुकानदाराने माझं गाऱ्हाणं अर्धंच ऐकलं आणि काडेपेटीएवढी डबी काउंटरवर ठेवली. "आयसोलेटर." आत दोन बारके ट्रान्सफॉर्मर असतात. आवाज चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तांब्याची तार मात्र अध्येमध्ये तुटलेली. डबी लावली आणि घूं गेलं. पण त्याबरोबर थोडा खर्जही गेला. स्वस्त डबीतल्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरला खालचे सूर झेपत नाहीत. तोफा पुन्हा धुरावर आल्या.

"दाजी, ते सगळं फेका आणि एचडीएमआय लावा," फोनवरून मेहुणा. त्याने हे पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, हे विचारणं नात्यात बसत नाही.

तर एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणारी केबल. लॅपटॉपमधून केबल रिसीव्हरला, रिसीव्हरमधून दुसरी केबल टीव्हीला. या वाटेने आवाज आकड्यांच्या रूपात जातो, त्यामुळे तंबोऱ्याला शिरायला जागा नाही आणि सहाही चॅनल वेगवेगळे पोचतात. मात्र विंडोजला तसं सांगावं लागतं. आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन रिसीव्हर निवडायचा, मग स्पीकरची मांडणी स्टिरिओवरून, म्हणजे दोन चॅनलवरून, फाइव्ह पॉइंट वनवर न्यायची. हे न करता लोक वर्षानुवर्षं स्टिरिओच ऐकतात आणि पाहुण्यांना होम थिएटर दाखवतात. तिथे चाचणीचं बटण आहे. पडद्यावरच्या ज्या स्पीकरवर टिचकी माराल, तो खोलीत टुंग करतो. मी मागच्या डाव्यावर टिचकी मारली. तो आईच्या डोक्यामागे कपाटावर होता. आई दार उघडायला गेली.

लेकीचं मत वेगळं. "बाबा, एवढ्या वायरी कशाला? ब्लूटूथ लाव ना." लावून बघितलं. ब्लूटूथवरून पुन्हा दोनच चॅनल, वर आवाज चित्राच्या किंचित मागून. नायिका तोंड मिटायची आणि मग बोलायची. वायरी परत आल्या.

आता मांडणी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची याबाबत रीतसर शिफारस आहे. समोरचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे दोन १०० ते १२० अंशांच्या दरम्यान, सगळे ऐकणाऱ्याकडे तोंड करून. मी लेकीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि पडद्याची दोरी घेऊन हॉलच्या मध्यावर बसलो. डावीकडचे ११० अंश बाल्कनीच्या दारात पडले. उजवीकडचे ११० अंश थेट देवघरात, बाळकृष्णाच्या मागे. संघाने आमचा टू बीएचके बघितलेला नाही हे उघड आहे. आणि ऐकणाऱ्याची जागा? सगळे कोन जुळवून जो एक बिंदू निघाला, तिथे आईची आरामखुर्ची होती. ती हलत नाही. त्यामुळे आमच्या घरातला सर्वोत्तम ध्वनी जिला ऐकू येतो, ती त्या वेळी झोपलेली असते.

सबवूफरचं सोपं वाटलं होतं. साधारण ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० आवर्तनांच्या, खालचा आवाज कुठून येतोय हे माणसाच्या कानाला नीट कळत नाही, म्हणून तो ठोकळा कुठेही ठेवला तरी चालतो असं शास्त्र आहे. मी तो सोफ्यामागे दडवला. खालच्या मजल्यावरच्या काकांना दिशा अचूक कळली. रात्री साडेअकराला बेल वाजवून ते शांतपणे म्हणाले, "सोफ्याच्या मागे आहे ना? आमच्या बरोबर पलंगावर येतं." त्या दिवसापासून ठोकळ्याखाली फोमचा जाड तुकडा आहे आणि रिसीव्हर नाइट मोडवर. नाइट मोड ही गोष्ट कुणी फारशी सांगत नाही, पण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वरदान आहे. मोठे आवाज दाबतो, बारीक आवाज उचलतो. नाहीतर सिनेमाभर माझा अंगठा रिमोटवर: कुजबुज आली की वाढव, मोटार उडाली की कमी कर. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून तेवढाच दोन-तीन डेसिबल वाढवून ठेवला तर बायको "काय म्हणाला तो?" असं विचारायची थांबते. नवरा-बायकोच्या संबंधांना याचा झालेला फायदा कुठल्याही पुस्तिकेत दिलेला नाही.

तरीही काहीतरी खटकत होतं. आमच्या हॉलला फरशी चकचकीत, भिंती उघड्या, त्यामुळे टाळी वाजवली की परत येते. इथे मला अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबाइन यांचा आधार मिळाला. १८९५ च्या सुमाराला हार्वर्ड विद्यापीठाच्या एका व्याख्यानगृहात प्राध्यापकाचा एक शब्द पाच-साडेपाच सेकंद घुमत राहायचा. म्हणजे पुढचं वाक्य मागच्या वाक्यावर चढायचं. हे सुधारायचं काम तरुण सॅबाइनकडे आलं. हा गृहस्थ मध्यरात्रीनंतर जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या उशा उचलून आणायचा, खोलीत मांडायचा, घुमणं मोजायचा आणि सकाळच्या आत सगळ्या उशा परत नेऊन ठेवायचा. त्यातून खोली किती घुमेल याचं सूत्र निघालं, आणि १९०० साली उघडलेला बॉस्टनचा सिंफनी हॉल त्याच्याच सल्ल्याने बांधला गेला.

मी प्रेरित होऊन दिवाणाखालच्या पाहुण्यांच्या गाद्या काढल्या आणि भिंतींना टेकवून उभ्या केल्या. फरक पडला, खरंच पडला. घुमणं गेलं, संवाद कोरडे, स्वच्छ झाले. सकाळी आईने उठून विचारलं, "कोण कोण येणारेय?" सॅबाइन उशा पहाटेच परत का ठेवायचा हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. आता जाड पडदे आणि एक सतरंजी यावर तडजोड झाली आहे.

सगळं लागल्यावर घरच्यांसाठी खास खेळ ठेवला. आईने फर्माईश केली ती तिच्या लहानपणच्या एका कृष्णधवल सिनेमाची. ते ध्वनिमुद्रण एकाच चॅनलचं. अख्खा सिनेमा मधल्या स्पीकरमधून ऐकला. उरलेले चार आणि ठोकळा गप्प बसून होते.

यंत्रणेचं चीज झालं ते नंतर, एका सोमवारी. एचडीएमआयची केबल सारखी काढघाल केली की भोक सैल होतं असं मेहुण्याचं मत असल्याने ती लॅपटॉपला लावलेलीच असते. रिसीव्हर रात्रीपासून चालू होता. मी घरूनच काम करत होतो, मीटिंग उघडली, आणि आमचे साहेब मधल्या स्पीकरमधून सिनेमाच्या आवाजात गरजले, "हे आकडे कुणी भरलेत?" त्यांनी खुर्ची मागे सरकवली तशी सोफ्यामागून जमीन हादरली. मी रिमोट शोधेपर्यंत त्यांनी माझं नाव घेतलं होतं. बायको स्वयंपाकघराच्या दारात आली. आईने पेपरची घडी केली, चष्मा लावला आणि तिच्या त्या सर्वोत्तम बिंदूवर सावरून बसली.

मीटिंग संपल्यावर म्हणाली, "तो मधे मधे खोकणारा कोण? सगळं त्याने केलंय. बोलण्यावरून कळतं."

तिचं बरोबर होतं, हे मला संध्याकाळी कळलं. तेव्हापासून सकाळी दहाला ती चहा घेऊन खुर्चीत तयार असते. काल मी गुपचूप हेडफोन घेऊन बेडरूममध्ये बसलो, तर दार लोटून आत आली. "त्या नवीन मुलीच्या रजेचं काय झालं रे शेवटी? बाहेर येऊन बस ना. आणि तो मधला स्पीकर जरा वाढव, परवा साहेब फार हळू बोलत होते."