‘मूल पढवलेलं आहे’ म्हणण्याआधी

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यांबद्दल एक मजकूर पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचं म्हणणं असं: खरंच काही घडलं असतं तर मूल त्याच दिवशी बोललं असतं, दर वेळी तेच बोललं असतं, डॉक्टरांना खुणा सापडल्या असत्या. यातलं काही नसेल तर मूल पढवलेलं आहे, आणि पढवणारे म्हणजे त्याच्याशी बोलायला बसलेले समाजसेवक. मी अशा मुलांसोबत बसण्याचंच काम करते. शेवटची भीती अगदीच निराधार नाही, म्हणून तिच्यापाशी जास्त थांबेन.

‘त्याच दिवशी बोललं असतं.’ कुणाजवळ? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत अशा प्रकरणांतले ९० टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. ज्याच्या पगारावर घर चालतं, ज्याला आई वाकून नमस्कार करते, त्याचं नाव घ्यायला मोठी माणसंही धजत नाहीत. काही मुलं तर सांगितलेलं मागेही घेतात. अमेरिकेतल्या २५७ प्रकरणांच्या २००७ च्या अभ्यासात सुमारे २३ टक्के मुलांनी तसं केलं होतं. त्यांत लहान वयाची मुलं जास्त होती, घरातल्याच पालकाने अत्याचार केलेली जास्त होती, आणि ज्यांच्यामागे दुसरा पालक उभा राहिला नाही अशीही.

‘दर वेळी तेच बोललं असतं.’ चार वर्षांच्या पोराचं ‘काल’ म्हणजे आज सकाळपासून गेल्या दिवाळीपर्यंत काहीही. आणि आपल्याकडे रिक्षावाले काका, वॉचमन काका, बाबांचे मित्र, सख्खे काका, सगळे काकाच! एकाला मूल ‘काकांनी केलं’ एवढंच सांगतं, आणि ‘कोणते काका?’ असं शांतपणे विचारणारीला ‘व्हॅनवाले’ म्हणून सांगतं. याला जबाब फिरवणं म्हणायचं? पहिल्याने विचारलंच नव्हतं. त्यात भर लिहिणाऱ्याच्या भाषेची. मूल म्हणतं, ‘शूच्या जागी बोट लावलं, दुखलं.’ कागदावर उमटतं, ‘सदर इसमाने लैंगिक हेतूने स्पर्श केला.’ पुढे कोर्टात या शब्दांचा अर्थ विचारला की मूल गप्प होतं, आणि त्या गप्प बसण्यालाच खोटेपणा ठरवतात. वास्तविक पॉक्सो कायद्याचं कलम २६ पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांना जबाब मूल बोललं तसाच नोंदवायला सांगतं.

‘खुणा सापडल्या असत्या.’ बहुतेक मुलांची वैद्यकीय तपासणी नॉर्मल येते. अनेक प्रकारच्या स्पर्शात इजा होतच नाही, आणि झालीच तर लहान वयात ती लवकर भरून येते.

आता तोंडात शब्द घालण्याबद्दल. हे घडलेलं आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं आणि शेकडो मुलांच्या मुलाखती झाल्या. बाकीच्या मुलांनी सांगितलंय, तू हुशार आहेस ना, पुन्हा आठव, अशा तऱ्हेने. जमिनीखालच्या बोगद्यांच्या गोष्टीही निघाल्या. खटला १९९० पर्यंत चालला, कुणीही दोषी ठरलं नाही. पुढे १९९८ मध्ये संशोधकांनी ती पद्धत बालवाडीच्या वयाच्या मुलांवर एका निरुपद्रवी पाहुण्याबद्दल वापरून पाहिली. नुसत्या सूचक प्रश्नांना १७ टक्के उत्तरं चुकीची आली. दबाव आणि शाबासकीची जोड दिल्यावर ५८ टक्के. तेही पाच मिनिटांच्या आत.

म्हणूनच मुलाखत घेणं शिकावं लागतं. आधी वाढदिवसासारख्या साध्या गोष्टीवर मुलाला मनाने बोलू द्यायचं. ‘माहीत नाही’ म्हणायला मोकळीक द्यायची, माझं चुकलं तर मला टोकायलाही. मग ‘काय झालं ते सांग’ आणि ‘पुढे?’, बस्स. मराठीत या कामातला सगळ्यात घातक शब्द ‘ना’ आहे. ‘त्यांनी हात लावला ना?’ या प्रश्नाच्या पोटातच उत्तर असतं. हा ‘ना’ आम्ही भेटण्याआधीच घाबरलेल्या आईकडून, शिक्षिकेकडून, शेजाऱ्यांकडून कितीदा तरी विचारून झालेला असतो. आईला मी दोष देत नाही; तिच्या पायाखालची जमीन सरकलेली असते. पण मूल बोललं तर खोदू नये. ऐकावं, त्याचेच शब्द लिहून ठेवावेत आणि पोलिसांना किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर कळवावं.

तरीही एखादा जबाब पढवलेला वाटत असेल, तर दृक्‌श्राव्य चित्रीकरणाचा आग्रह धरावा. कलम २६ शक्य तिथे ते करायला सांगतंच. मॅकमार्टिन खटल्यात ज्युरींना शंका आली ती चित्रफितींमधले मोठ्यांचे प्रश्न ऐकून.