एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: लिथियम बॅटरीवर गाडीच्या ऑडिओचा फ्युज आम्ही का बसवला नाही

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की दोनशे रुपयांच्या फ्युजचे आम्ही पाच हजार सांगतो, चार्जरच्या आत फ्युज असताना वरून आणखी दोन गळ्यात मारतो, आणि सीझन तोंडावर आलेला असताना काम न करताच बोट परत पाठवली, वर बघायचे पैसे घेतले. राग समजतो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली की 1 ऑगस्टला बोट बाहेर पडायलाच हवी असते, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात दुकान चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पण काम का केलं नाही ते इथे सगळ्यांसमोर नीट लिहितो, कारण लिथियम बॅटऱ्या आता बऱ्याच बोटींवर चढायला लागल्यात आणि हाच प्रश्न दुसरे नाखवेपण विचारतात.

आधी चार्जरच्या आतल्या फ्युजचं बघू. तो आहेच, नाही कोण म्हणतंय, पण तो चार्जरला सांभाळतो. तुमचा चार्जर 40 अँपिअरचा, कितीही बिघडला तरी त्याच्या बाजूने साधारण तेवढाच करंट येणार. धोका दुसऱ्या टोकाला आहे, बॅटरीकडे. बॅटरीपासून चार्जरपर्यंत केबल इंजिन रूममधून जाते, तिथे व्हायब्रेशन, डिझेल, खारं पाणी, आणि एखाद्या ब्रॅकेटच्या धारेला घासून प्लसचं इन्शुलेशन गेलं आणि तांबं इंजिनच्या ब्लॉकला टेकलं तर करंट बॅटरीतून येणार, चार्जरपर्यंत पोचणारच नाही, मग चार्जरमधला फ्युज उडणार कसा? म्हणून फ्युज बॅटरीच्या टोकाला लागतो. अमेरिकेत एबीवायसी (अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिल) या संस्थेचं स्टँडर्ड आहे बोटींच्या वायरिंगचं, त्यात बॅटरीपासून 7 इंचांच्या आत म्हणतात, केबल पूर्ण पाइपात नाहीतर स्लीव्हमध्ये असेल तर सूट मिळते. ते स्टँडर्ड अमेरिकेचं हे मान्य, पण केबल पेटायची ती तिकडेही तशीच पेटते आणि इकडेही.

आता तुम्ही आणलेलं सामान. गाडीच्या ऑडिओवाल्याकडचा सोनेरी मुलाम्याचा 100 अँपिअरचा फ्युज आणि घरच्या वायरिंगची 6 स्क्वेअरची (म्हणजे 6 चौरस मिलिमीटर जाडीची) वायर. फ्युज वायरला वाचवायला असतो हो, त्या वायरला इंजिन रूमच्या गरमीत 40 अँपिअर सतत द्यायचे म्हणजेच जीवावर आलेलं, आणि तिच्यावर पहारा 100 चा! 100 चा फ्युज 101 ला उडतो असंही नाही, थोडा जास्त करंट तो मिनिटंच्या मिनिटं सहन करतो आणि तोपर्यंत वायर वितळून बाजूच्या वायरींना चिकटलेली असते. 40 अँपिअर सतत असेल तर फ्युज 50 चा, कारण फ्युजच्या रेटिंगच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त लोड सतत ठेवायचा नाही, आणि वायर अशी की ती 50 च्या वर आरामात झेलेल. आम्ही 16 स्क्वेअरची टिन केलेली (तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली) केबल सांगितली होती, पाच मीटर जायला पाच मीटर यायला धरलं तर तिच्यात वाटेत व्होल्टेजही कमीच वाया जातं, म्हणजे बॅटरी नीट भरते. 6 स्क्वेअरमध्ये त्याच अंतरात सव्वा व्होल्टच्या आसपास वाटेतच जातो.

आणि पाच हजारांचं. ते नुसत्या फ्युजचे नव्हते, क्लास टी फ्युज, त्याचा होल्डर आणि कव्हर मिळून होते, तुम्हाला लिहून दिलेल्या कोटेशनमध्ये आहे. हा मेन फ्युज, बॅटरीच्या प्लसवर, त्याच्या पुढे बसबार (सगळ्या लाईनी जिथून निघतात ती धातूची पट्टी) आणि बसबारवरनं चार्जरच्या लाईनला तो 50 चा. दोन फ्युज का, तर म्हणून.

क्लास टीच का, हे मात्र सावकाश वाचा. फ्युजवर दोन आकडे बघायचे असतात, एक किती अँपिअरला उडतो आणि दुसरा जो कोणी बघत नाही, किती अँपिअरचा शॉर्ट तो खरोखर तोडू शकतो. तुमची बॅटरी 24 व्होल्टची लिथियम फॉस्फेट, आतला रेझिस्टन्स फार कमी. जोडण्या धरून तीन मिलिओहम मानला तरी 25.6 भागिले 0.003, म्हणजे साडेआठ हजार अँपिअर शॉर्टच्या क्षणी. चांगल्या कंपनीचा एएनएल फ्युज 32 व्होल्टला 6000 पर्यंत तोडतो, मेगा टाइप 2000, गाडीतला साधा पात्याचा 1000. क्लास टी 20000. ताकदीबाहेरचा शॉर्ट आला तर आतली पट्टी वितळते पण आर्क, म्हणजे तुटलेल्या फटीतून चालू राहणारी ठिणगी, विझत नाही, एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथे आर्क मरतो, डीसीमध्ये ती सोय नाही, तो जळतच राहतो, होल्डरसकट. तुमच्या सोनेरी फ्युजवर हा दुसरा आकडा छापलेलाच नव्हता, मी तुम्हाला काउंटरवर दाखवलं होतं. म्हणूनच घरचा एसीचा एमसीबी लावून द्या म्हणणाऱ्यांनाही आम्ही नाही म्हणतो.

बॅटरीत बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं आतलं सर्किट) आहे, तो कट करेल, असं तुम्ही म्हणालात. करतो, बरेचदा करतो. पण त्यातले मॉसफेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, मोठ्या शॉर्टला खराब झाले तर बहुतेक वेळा चालू अवस्थेतच अडकतात, मग कट करायला कोणी उरत नाही. किनाऱ्यापासून लांब, खाली खलाशी झोपलेले, अशा वेळी त्या एकट्यावर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही आणि तुमचीही नसावी असं मनापासून वाटतं.

बघायच्या पैशांबद्दल एवढंच, आमचा माणूस बोटीवर येऊन मीटर लावून सगळी लाईन तपासून गेला, त्याचे ते पैसे, आधी सांगूनच घेतले.

तुम्ही लिहिलंय की नंतर दुसरीकडून तोच फ्युज बसवून घेतला आणि सगळं मस्त चालू आहे. दादा, चार्जिंग मस्तच चालणार, फ्युज चुकीचा आहे हे शॉर्ट होईपर्यंत कळत नाही. आमच्या काउंटरवर एक होल्डर ठेवलाय, एका बाजूचं प्लास्टिक वितळून लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीवर) ओघळलंय, आणि आतला फ्युज अख्खा. नट सैल होता, तिथे गरम होत राहिलं, करंट रेटिंगच्या आतच असल्यामुळे फ्युजला उडायचं कारणच नव्हतं. त्यामुळे बोट निघायच्या आधी एवढं कराच: अर्धा तास फुल चार्जिंग चालू ठेवा आणि होल्डरला बाहेरून हात लावून बघा, हात ठेववत नसेल तर चार्जर बंद करा, मग बॅटरी डिसकनेक्ट करून दोन्ही लग पाना लावून टाइट करा, हिरवं पडलं असेल तर लग कापून नवा क्रिम्प करा. 6 स्क्वेअरची वायर बदलेपर्यंत चार्जरचा करंट सेटिंगमधून 20 वर आणा, आणि 100 च्या जागी त्या वायरला 30 चा फ्युज टाका. अल्टरनेटरची लाईन याच बॅटरीवर घेतली असेल तर तिथला फ्युज उलट अल्टरनेटरच्या रेटिंगच्या दीडपट ठेवा, कारण इंजिन चालू असताना तो उडाला की अल्टरनेटरचे डायोड जाऊ शकतात.

केबल आमच्याकडून घ्या किंवा कुठूनही घ्या, फक्त टिन केलेली घ्या. क्लास टी दुसरीकडे स्वस्त मिळाला तर तोही चालेल, फक्त त्यावर 20000 चा आकडा छापलेला बघून घ्या, आणि बसवायला बोलावलंत तर माणूस पाठवतो, बघायचे पैसे परत लागणार नाहीत.