मोफत शिक्षणासाठी किती पैसे साठवावेत?

‘मी स्वखुशीने पूर्ण शुल्क भरत आहे. याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही.’

मुलीला पुढे इंजिनिअरिंगला घालायचं मनात असेल, तर ही दोन वाक्यं तिला आठवीपासून रोज शुद्धलेखनाला द्या. स्वतःही गिरवा. ‘स्वखुशी’तला खु ऱ्हस्व आहे. मी दीर्घ काढला आणि कॉलेजच्या फी काउंटरवरून कागद परत आला. म्हणजे माझी तक्रार नाही हे लिहून द्यायला मला गेल्या मंगळवारी एकाच रांगेत दोनदा उभं राहावं लागलं. तेव्हा ज्यांची मुलं यंदा बारावीला आहेत, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार शब्द.

तयारी बारशापासून करा. दीपा, पूजा, वैष्णवी असली नावं अजिबात नकोत. इंग्रजीत दीपाला डबल ई की आय, पूजाला डबल ओ की यू, वैष्णवीत एच आहे की नाही, यावर पुढे अठरा वर्षांनी चार खिडक्या चार मतं देतात. वडिलांचं नावही तपासून घ्या. आमच्याकडे दहावीच्या मार्कलिस्टवर ह्यांच्या नावापुढे ‘राव’ आहे, आधार कार्डावरून राव गेलेले आहेत आणि बँकेत नुसता ‘आर’ उरलाय. महाडीबीटी, म्हणजे सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल, त्याच्या दृष्टीनं माझ्या लेकीला तीन बाप आहेत आणि तिघांचंही उत्पन्न पडताळायचं बाकी आहे.

दाखल्यांचं म्हणाल तर सोपं आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला जाल त्या दिवशीचं उत्पन्न बुडतं, ते दाखल्यात धरत नाहीत. मागास प्रवर्गातले आहात पण श्रीमंत नाही, असं सांगणारा नॉन-क्रीमिलेअर दाखला 31 मार्चला मरतो, त्यामुळे हौसेनं डिसेंबरात काढून ठेवू नका. जात पडताळणीसाठी ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. तुमचे आजोबा शाळेत गेले नसतील तर ती सर्वस्वी आजोबांची चूक. प्रतिज्ञापत्राला स्टँप पेपर लागतो का? विद्यार्थ्यांच्या दाखल्यांना लागत नाही, असं सरकार सांगतं. तहसीलबाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेले काका मात्र “बिनास्टँपचं आत घेत नाहीत” असं सांगतात. आत कोण बसतं हे काकांना जास्त ठाऊक, म्हणून मी काकांचं ऐकलं.

मूळ कागदपत्रं कॉलेजात देताना त्यांना एकदा पोटाशी धरून घ्या. मूळ प्रमाणपत्रं फक्त तपासायची आणि तिथल्या तिथे परत करायची, ठेवून घ्यायची नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, 2018 मध्येच सांगून ठेवलंय. हे मी काउंटरवर म्हटलं तर “ते यूजीसीला सांगा” असं उत्तर आलं.

सर्व्हर डाऊन असेल तर चहा घ्या.

अकरावी-बारावीत कॉलेजला जायची सवय लावू नका, वाईट सवय आहे. ‘इंटिग्रेटेड’ नावाची सोय आहे ना. पैसे क्लासला द्यायचे, नाव कॉलेजच्या हजेरीपटावर आणि पोर दोन्ही वर्षं क्लासच्या एसीत. पुढे खरंखुरं कॉलेज सुरू झालं आणि तास बुडवावेसे वाटले, की हाच सराव कामी येतो.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे हव्या त्या कॉलेजांची पसंतीक्रमानं यादी, भरताना घरातल्या मुलीला विचारू नका. शेजारच्या काकांना विचारा, ते तीस वर्षांपूर्वी पॉलिटेक्निकला होते. तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात. लोक ते लग्नाच्या यादीसारखे भरतात, कुणी राहून रुसायला नको म्हणून. आणि सहज म्हणून एक नंबरला टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं की जागा आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच घ्यायची, पुढच्या फेऱ्या बंद, हे घरात कुणाला तरी फ्रीझ झाल्यावरच कळतं.

शैक्षणिक कर्ज काढायचं असेल तर बँकेत जाताना फिक्स्ड डिपॉझिटची पावती सोबत न्या. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या हमी योजनेतून विनातारण कर्ज मिळू शकतं, हे तुम्ही वाचलंय. मॅनेजरनंही वाचलंय. तरी न्या.

आता मुख्य विषय. पैसे.

महाराष्ट्रात मुलींचं उच्च शिक्षण मोफत आहे. हसू नका. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातली मुलगी, कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत, कोर्स व्यावसायिक, प्रवेश कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून; एवढं जुळलं की शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ. आधी ही सवलत निम्मी होती. निर्णयाच्या ओळी मी पेन्सिलनं अधोरेखित करून झेरॉक्स काढली, प्लॅस्टिकच्या फोल्डरात घातली आणि नवऱ्याला सांगितलं की तुम्ही रजा टाकू नका, फुकट तर आहे, मी एकटी जाऊन येते.

काउंटरवरच्या मॅडमनी झेरॉक्स वाचली. शेवटपर्यंत वाचली, त्याबद्दल त्यांचं कौतुक आहे.

“बरोबर आहे ताई. मोफतच आहे. आधी भरून टाका.”

“मोफत आहे तर भरायचं कशाला?”

“महाडीबीटीचे आले की परत देतो ना.”

“कधी येतात?”

“ते आपल्या हातात नसतं. मागच्या बॅचचं अजून चालू आहे.”

मग त्यांनी आकडा सांगितला. 1 लाख 18 हजार. त्यात विकास शुल्क वेगळं, कारण माफी शिक्षणाला आहे, विकासाला नाही. शिवाय ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, अनामत, विमा, माजी विद्यार्थी संघाची वर्गणी. माझी मुलगी अजून विद्यार्थिनी झालेली नाही आणि माजी विद्यार्थी संघाला तिची काळजी लागलीये! नंतर तो छापील नसलेला, हातानं लिहायचा कागद आला. स्वखुशीचा.

मी म्हटलं, मुलींकडून ही रक्कम घेऊ नका असं उच्च व तंत्रशिक्षण विभागानं कॉलेजांना बजावलंय. त्या म्हणाल्या, “हो ताई, म्हणूनच तर लिहून घेतो.”

हे वाक्य मी घरी येऊन तीन वेळा सगळ्यांना सांगितलं. इतकं सरळ, इतकं खरं वाक्य त्या इमारतीत दिवसभरात दुसरं कुणी बोललं नसेल. घ्यायचे नाहीत असा नियम आहे, म्हणून ‘आम्ही घेतले नाहीत, यांनी दिले’ असा पुरावा तुमच्याच अक्षरात हवा. चोरानं घरातून निघताना यजमानाकडून ‘पाहुणचार स्वीकारल्याबद्दल आभारी आहे’ असं लिहून घ्यावं, तसलं हे. आणि रिपोर्टिंगला, म्हणजे कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायला, मोजून तीन दिवस, त्यातला एक रविवार. भांडायला वेळच ठेवलेला नाही. भांडलात तर जागा जाते, जागा गेली की पुढची फेरी, आणि पुढच्या फेरीत ती ब्रँच उरलेली नसते. हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना पक्कं माहीत असतं. म्हणून तर तिकडून आवाज चढत नाही. अगदी गोड बोलतात. पाणी हवं का विचारतात.

माझ्या पुढे एक गृहस्थ होते. टोपी काढून हातात धरलेली, शेजारी मुलगी, तिला माझ्या लेकीपेक्षा चांगले पर्सेंटाईल. त्यांनी चाळीस हजार आणले होते, बाकीचे सोयाबीन विकल्यावर देतो म्हणत होते. सोयाबीन अजून शेतात होतं. मॅडम म्हणाल्या, “काका, सिस्टिम पार्ट पेमेंट घेत नाही.” ते म्हणाले, “पण फुकट हाय म्हनून तर आलो.” मागे रांगेत कुणीतरी हसलं. ती मुलगी एकदम खाली बघायला लागली आणि बापाची बाही ओढून म्हणाली, “बाबा, चला.”

आम्ही भरले. ह्यांच्या सोसायटीतून काढले आणि भरले. बाकी राहिलं काय, आणखी टिप्स? फोल्डर चांगल्या प्रतीचं घ्या. पेन दोन न्या. टिप्स गेल्या चुलीत!

अहो संस्थाचालक, सरकार तुमचे पैसे उशिरा देतं हे मला मान्य आहे. दोन-दोन वर्षं देत नसेल. मग सरकारशी भांडा ना. वकील तुमच्याकडे आहेत, संघटना आहे, मंत्र्यांना कार्यक्रमाला बोलावून शाल-श्रीफळ तुम्हीच देता. स्टेजवर शेजारी बसलेल्याला विचारायची हिंमत नाही आणि चाळीस हजार रुमालात बांधून आणलेल्या माणसाला मात्र सिस्टिम दाखवता? आणि सरकार, तुमचंही ऐका. मोफत शिक्षणाची होर्डिंगं एसटी स्टँडपर्यंत लावलीत. प्रत्येक कॉलेजच्या फी काउंटरवर एक पाटी सक्तीची करा, ‘या मुलींकडून शिक्षण शुल्क घेऊ नये’, खाली तक्रारीचा फोन नंबर आणि तो उचलणारा माणूस. होर्डिंगपेक्षा स्वस्त पडेल. तेवढं झालं असतं तर त्या मुलीला बाही ओढावी लागली नसती.

आणि त्या रांगेत हसणारे आपण. आपल्याच मुली पुढे उभ्या होत्या आणि आपण हसलो. मीसुद्धा तोंड उघडलं नाही. झेरॉक्स माझ्या हातात होती, ती त्यांच्या हातात द्यायची सुचली नाही, कारण माझा नंबर पुढचा होता आणि मला बस गाठायची होती.

मॅडम, मी उद्या परत येतेय, त्या काकांच्या मुलीचं काय झालं ते विचारायला. आणि माझे 1 लाख 18 हजार कधी परत देणार, ते तारीख घालून, सही-शिक्क्यानिशी तयार ठेवा. शुद्धलेखन मी तपासून घेईन.