‘निळ्या स्क्रीनचा बाऊ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘सुरक्षा अपडेट आली की आठ दिवस थांबा’ या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. टीकेचं मला वावडं नाही. पण ‘निळी स्क्रीन आली तर रीस्टार्ट करायचं, एवढा बाऊ कशाला? असल्यांनी आधी शिकून यावं,’ हा कुठला सूर? समोरासमोर असतो तर असं बोलला असता का?

तुमची एक दुरुस्ती मान्य. 19 जुलै 2024 ला जगभर विंडोजचे कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बंद पडले, तो गोंधळ मी विंडोजच्या अपडेटच्या नावावर टाकला होता. त्यामागची सदोष फाइल क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या फाल्कन या सुरक्षा सॉफ्टवेअरची होती. लेखात बदल केला आहे.

आता तुमचं ‘रीस्टार्ट’. फाल्कन विंडोज सुरू होतानाच कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चढतं. म्हणजे कॉम्प्युटर चालू झाला की तीच फाइल वाचणार आणि पुन्हा पडणार. आपल्या वेळेने सकाळी 9:39 ला सुटलेली ती फाइल कंपनीने 78 मिनिटांत मागे घेतली, तरी सुमारे 85 लाख कॉम्प्युटर आडवे झाले. दुरुस्त फाइल नेटवरून यायची तर आधी कॉम्प्युटर उभा राहायला नको? काही पुन्हा पुन्हा चालू करून सावरले. बाकीच्यांपुढे माणसाला जाऊन बसावं लागलं: सेफ मोडमध्ये (विंडोजच्या किमान रूपात) जा, 291 क्रमांकाची फाइल शोधा, डिलीट करा. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर असेल तर त्याआधी 48 आकडी की भरा. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, ते काय बाऊ म्हणून?

आणि विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचंच उदाहरण हवं असेल तर ऑगस्ट 2014 बघा. त्यांनी स्वतःची सुरक्षा अपडेट मागे घेतली, लोकांना ती काढून टाकायला सांगितलं आणि 27 ऑगस्टला नवी दिली. जानेवारी 2018 मध्ये एएमडी कंपनीचे प्रोसेसर असलेले काही जुने कॉम्प्युटर अपडेटनंतर सुरूच होईनात, तेव्हाही वाटप थांबवावं लागलं.

राहिलं माझं शिक्षण. बावीस वर्षं मी मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. एका सीएंच्या ऑफिसात 30 जुलैच्या संध्याकाळी मीच पाचही कॉम्प्युटरवर अपडेट टाकून घरी गेलो. सकाळी एकही सुरू होईना, आणि रिटर्न भरायचा शेवटचा दिवस. बाहेर बाकड्यावर एक निवृत्त गुरुजी कागदांची पिशवी मांडीवर घेऊन दिवसभर बसून होते. शेवटचा कॉम्प्युटर रात्री साडेदहाला उभा राहिला. सीए मला एका शब्दाने बोलले नाहीत, ते जास्त लागलं. आठ दिवसांचा नियम मी त्या दिवशी शिकलो, कुठल्या कोर्समध्ये नाही.

‘पॅच (भोक बुजवणारी अपडेट) उलगडून हल्लेखोर भोक शोधतात, तुमचे आठ दिवस म्हणजे त्यांनाच सवड,’ असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर लेखाच्या शेवटी दोन ओळी आहेत, वाचायच्या राहिल्या असाव्यात. वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने वापरलेल्या भोकाचा पॅच 14 मार्च 2017 चा, हल्ला 12 मेचा. आठ दिवस थांबणारा त्यात सापडला नसता. विषय संपला.

तुमच्याकडे आयटीचा वेगळा विभाग असेल, अपडेट आधी दोन कॉम्प्युटरवर तपासत असतील. त्या सीएंकडे पाच कॉम्प्युटर आणि बोलवायला मी एकटा. मी अशांसाठी लिहितो. पुढच्या वेळी ‘एक जाणकार’ असं न लिहिता नाव टाका, मग बोलू.