रिंगणीची धुरी, लवंगतेल आणि ‘डेंटिस्ट लुटतात’: एका फॉरवर्डचा समाचार

सोसायटीचा ग्रुप असो, गावाकडचा असो की शाळेतल्या मित्रांचा, दातांबद्दलचा तो लांबलचक मेसेज सगळीकडे येऊन गेलेला आहे. शब्द थोडेफार बदलतात, शेवटचे जोडलेले हात कायम. सांगणं साधारण असं: दातांचे डॉक्टर म्हणजे निव्वळ लूट. कीड लागली तर रिंगणीच्या, म्हणजे त्या काटेरी रानटी झुडपाच्या, बियांची धुरी घ्या, किडे पडतात. दुखलं तर लवंगतेल पुरे, आठ दिवसांत ठणका आपोआप जातो. दात साफ करून घेतले की हलायला लागतात. वरची दाढ काढली की नजर जाते. रूट कॅनालनं कॅन्सर होतो. पोरांचे दुधाचे दात पडणारच आहेत, त्यावर पैसा घालू नका. आणि आपल्या आज्या मिश्री लावून ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खायच्या.

मी डॉक्टर नाही. त्या खुर्चीत बसायचं म्हटलं की तळहाताला घाम सुटतो अशांपैकी आहे. त्यामुळे हा मेसेज एवढा का चालतो, हे मला चांगलं कळतं. ज्याला जायचंच नसतं त्याला न जाण्याचं कारण आयतं मिळतं, तेही आयुर्वेदाचं आणि आजीचं नाव लावून.

धुरीपासून सुरुवात करू, कारण तिचा व्हिडिओही सोबत फिरतो. खापरीत निखारे, त्यावर तेल लावलेल्या रिंगणीच्या बिया, नळीनं तोंडात धूर आणि खाली पाण्याचं भांडं. थोड्या वेळानं भांड्यात बारीक, पांढरे, वळलेले तुकडे दिसतात आणि बघणारा म्हणतो, बघा किडे! हा खेळ काही आपला एकट्याचा नाही. युरोपात हेच खुरासानी ओव्याच्या बिया जाळून शेकडो वर्षं चाललं होतं. 1728 साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं लिहून ठेवलं, की सूक्ष्मदर्शकातून बघूनही मला दातात किडा सापडला नाही. 1757 मध्ये शेफर नावाच्या जर्मन अभ्यासकानं पुढचा उलगडा केला. ते ‘किडे’ म्हणजे उष्णतेनं बी फुटून बाहेर पडलेले, आतले वळलेले अंकुर होते. रिंगणी त्याच कुळातली, म्हणजे वांग्याच्या. तिच्याही बीत अंकुर तसाच वाकडा असतो. शंका असेल त्यानं कुणाचंही तोंड मध्ये न आणता बिया जाळून भांडं बघावं. दात दुखणाऱ्या माणसाची तिथं गरजच पडत नाही.

खरी कीड डोळ्यांना दिसत नाही. तोंडातले जिवाणू साखर खातात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लानं दाताचं वरचं कवच, इनॅमल, विरघळत जातं. एकदा खड्डा पडला की तो कुठल्याही धुरीनं, तेलानं किंवा पेस्टनं भरून येत नाही.

लवंगतेलाच्या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे. लवंगेत युजेनॉल असतं आणि त्यानं जागा खरोखर बधिर होते. गंमत अशी, की दातांच्या दवाखान्यात शिरल्याशिरल्या जो वास येतो आणि आपलं पोट ढवळतं, तो बहुतेकदा याच युजेनॉलचा असतो. झिंक ऑक्साइडमध्ये कालवून डॉक्टर त्याचंच तात्पुरतं सिमेंट भरतात. म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्या त्यांच्याच ट्रेमधली वस्तू मेसेज आपल्याला सुचवतो. पण दुखणं दबलं म्हणून कीड थांबत नाही. शुद्ध तेल तसंच बोळ्यानं दाबून ठेवलं तर हिरडी भाजते. पोरांच्या हाती तर ती बाटली लागूच देऊ नये. काही जण डिस्प्रिनची गोळी चुरून हिरडीत कोंबतात. तिथं पांढरा चट्टा पडून कातडी सोलते आणि दात दुखायचा तो दुखतोच.

सगळ्यात घातक म्हणजे पुढचं वाक्य: ‘आठ दिवसांत ठणका आपोआप जातो.’ जातो कधी कधी, खरं आहे. दाताच्या आतली नस मेली की ठणका थांबतो. मग मुळाशी पू साचत राहतो, महिनोन्‌महिने, आणि एखाद्या रात्री गाल सुजतो. सूज हनुवटीखाली, गळ्याकडे उतरली, जीभ वर उचलल्यासारखी झाली, गिळायला किंवा श्वासाला त्रास व्हायला लागला, तर सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठायचं. दातातल्या पुवानं आजही माणसं दगावतात.

‘दात साफ केले की हलतात’ हा अनुभव लोक खोटा सांगत नाहीत, अर्थ चुकीचा लावतात. दातांवर वर्षानुवर्षं दगडासारखा थर, टार्टर, चढतो. त्याखाली हिरडी सुजते आणि हाड झिजत जातं. दात सैल आधीच झालेला असतो. त्या दगडानं शेजारच्या दाताला बांधून ठेवल्यामुळे ते कळत नाही, एवढंच. थर निघाला की फटी दिसतात, जिभेला खडबडीत लागायचं ते गुळगुळीत लागतं आणि काही दिवस गार पाणी झोंबतं. दात साफ करायच्या यंत्राचं टोक कंपनानं थर सुटा करतं, इनॅमल खरवडत नाही.

नजरेचं एका परिच्छेदात मिटतं. मेंदूतून निघणाऱ्या नसांना क्रमांक असतात: दातांकडून संवेदना नेणारी नस पाचवी, दृष्टीची नस दुसरी. मार्ग वेगळे, काम वेगळं. ज्या वयात दाढा काढाव्या लागतात त्याच वयात चाळिशीचा चष्माही लागतो, म्हणून दोघांची सोयरीक जुळवली गेली.

रूट कॅनाल आणि कॅन्सरची कथा अमेरिकेतून आली आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेस्टन प्राइस नावाच्या दंतवैद्यानं काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवून पाहिले आणि मेलेला दात साऱ्या शरीरात रोग पसरवतो असा निष्कर्ष काढला. त्या काळात या समजुतीपायी असंख्य धड दात उपटले गेले. पुढं इतरांनी काळजीपूर्वक प्रयोग केले तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. आज मेसेजमध्ये येतं ते शंभर वर्षांपूर्वीचं हेच उष्टं. शिवाय रूट कॅनालमध्ये करतात काय? आतली सडलेली नस काढतात, पोकळी धुऊन निर्जंतुक करतात आणि बंद करतात. जंतू घर करून बसलेले असतात ते उपचार न केलेल्या दातात.

दुधाच्या दातांवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथं शिकलेले आईबापही फसतात. दुधाच्या मागच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत पडत नाहीत. पाचव्या वर्षी किडलेली दाढ म्हणजे पोराला पाच-सहा वर्षं त्या बाजूनं धड चावता येणार नाही. ती आधीच काढावी लागली तर शेजारचे दात सरकतात, खालून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही आणि मग तेराव्या वर्षी तारा बसवायचा खर्च अंगावर येतो. आणखी एक. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागं, काहीही न पडता, गुपचूप एक नवी दाढ येते. ती पक्की असते, जन्मभराची. आई तिला दुधाचीच समजते आणि ती किडली तरी ‘पडेल की’ म्हणते. तिची जागा घ्यायला दुसरी येत नाही. आज रात्री टॉर्च लावून पोराच्या तोंडात मागून पहिली दाढ कशी आहे ते बघा.

मिश्रीबद्दल बोलायला जीभ रेटत नाही, पण बोलतो. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेला तंबाखू. ती लावून आजीला बरं वाटायचं ते निकोटिननं. दुखणं मंद होतं, तलफ लागते, म्हणून दिवसातून चार-चारदा बोट तोंडात. तंबाखूमुळे तोंडाचा कॅन्सर होतो हे आता कुणाला नव्यानं सांगायला नको. केंद्र सरकारनं 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला बंदी घातली, ती उगीच नाही. ऊस सोलणाऱ्या आजीची गोष्ट सगळे सांगतात. चाळिशीतच बोळकं झालेल्या आज्याही त्याच वाड्यात होत्या, त्यांच्यावर कुणी मेसेज करत नाही.

आता लूट. हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. लोकांच्या रागाला कारण आहे. मध्यम शहरात साधं फिलिंग 800 ते 2,000 रुपये, दाढेचं रूट कॅनाल 4,000 ते 8,000, त्यावर कॅप धातूची दोन-तीन हजारांपासून ते झिर्कोनियाची 10,000 च्या वर, आणि इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून लावलेला दात, 25,000 च्या पुढं. आकडे शहरागणिक, दवाखान्यागणिक बदलतात. मेडिक्लेम बहुतेकदा हात वर करतो, अपघातात दात गेला तरच काही मिळतं. काही ठिकाणी गरज नसताना काम काढतात, हेही खरं. एका दवाखान्यात मला चार फिलिंग सांगितली, दुसरीकडं त्याच एक्स-रेवर एकच.

पण यावरचा उपाय धुरी नाही. आजच्या हजार रुपयांच्या खड्ड्याला दोन वर्षं वाट बघायला लावली की रूट कॅनाल आणि कॅप मिळून दहा-पंधरा हजार होतात. आणखी थांबलं की दाढ काढावी लागते आणि रिकाम्या जागेचा खर्च त्याहून मोठा. डेंटिस्टला टाळून वाचवलेला पैसा शेवटी डेंटिस्टकडेच जातो.

त्यापेक्षा घासाघीस शिका. एक्स-रे मागा आणि कुठला दात, कुठं काळं दिसतंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. सगळ्या कामाचा अंदाज कागदावर घ्या, त्यात कॅप धरली आहे का ते विचारा, कारण गोंधळ नेहमी तिथंच होतो. मोठं काम असेल तर तोच एक्स-रे घेऊन दुसऱ्याकडं जा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही, आला तर तेही कळलं. भिंतीवर राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का बघा.

आणि सरकारी दंत महाविद्यालयं कशाला आहेत? मुंबईत सेंट जॉर्जच्या आवारात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरला, मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, गोव्यात बांबोळीला. केसपेपर काढून रांगेत बसायचं. काम शिकाऊ विद्यार्थी करतो, पण शिक्षक मध्येमध्ये येऊन तपासतो. दिवस मोडतो, खेपा जास्त पडतात, पण बिल खासगीच्या मानानं फारच कमी येतं. खासगी दंत महाविद्यालयांनाही विद्यार्थ्यांसाठी पेशंट हवेच असतात, तिथंही दर उतरलेले असतात.

उरली भीती. मेसेजमध्ये तिचं नाव नाही, पण तो तिच्याच जोरावर चालतो. पहिल्याच भेटीत ‘मला भीती वाटते’ असं सरळ सांगून टाकावं, डॉक्टरांना ते रोजचंच आहे. डावा हात वर केला की थांबायचं, असं आधी ठरवून घ्यावं. इंजेक्शनआधी हिरडी बधिर करणारं जेल लावायला सांगावं. भुलीत बहुतेकदा ॲड्रेनालिन असतं, त्यानं चार-दोन मिनिटं छाती धडधडते. ते न सांगितल्यामुळे कित्येक जण ‘मला इंजेक्शनची ॲलर्जी आहे’ असं जन्मभर समजतात. ब्लडप्रेशर, शुगर, हृदयाचं दुखणं, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर मात्र आधी सांगायलाच हवं. खूप सूज असताना भूल नीट चढत नाही, म्हणून ठणका सुरू व्हायच्या आत गेलं तर कमी दुखतं. नाश्ता करून जावं, उपाशी नाही. सकाळची पहिली वेळ घेतली तर दिवसभर घाबरत बसावं लागत नाही.