पी-लीडला थेट वायर? मीटर जाईल की मॅग्नेटो?

‘मॅग्नेटोच्या पी-लीडला एक वायर जोडा, तिचं दुसरं टोक लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या, गाडीत लावायच्या टॅकोमीटरला द्या, काम फत्ते. एक मॅग्नेटो पुरे. आकडा चुकला तर गुणून घ्या. मल्टीमीटरने तपासा, कळेल. फार तर काय, मीटर बंद पडेल.’ मुंबईतल्या हौशी विमानवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा सल्ला फिरतोय. (मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय स्पार्क प्लगला ठिणगी देणारं यंत्र, इंजिनावर असे दोन असतात. पी-लीड म्हणजे त्याला बंद करण्यासाठी इग्निशन स्विचकडे जाणारी वायर. टॅकोमीटर म्हणजे आरपीएम, अर्थात इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा मीटर.) त्यातलं एवढंच खरं, की पी-लीडवरून आरपीएम मोजता येतो. (टाइप-सर्टिफाइड, म्हणजे सरकारमान्य डिझाइनचं विमान असेल तर विषयच संपला. तिथे मंजूर कागदपत्रं आणि लायसन्सवाला एएमई, म्हणजे विमान देखभाल इंजिनिअर लागतो.)

‘फार तर मीटर बंद पडेल.’ नाही, मॅग्नेटो बंद पडेल. पी-लीड घरातल्या बटणाच्या उलट चालते: ती बॉडीला टेकली की मॅग्नेटो मरतो, तुटली की सुरूच राहतो. तुमची नवी वायर फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या पत्र्याच्या) भोकात घासली, इन्सुलेशन फाटलं, तांबं पत्र्याला लागलं, की एक मॅग्नेटो हवेतच गेला.

म्हणून मध्ये ३० किलो-ओमचा रेझिस्टर हवाच, आणि तो पी-लीडच्या टोकाला, इग्निशन स्विचच्या टर्मिनलला लागून. मीटरजवळ लावलेला रेझिस्टर मीटर वाचवतो, पण स्विचपासून तिथपर्यंतची अख्खी वायर उघडीच राहते. मॅग्नेटोची प्रायमरी (पी-लीड जिला जोडलेली असते ती आतली कॉइल) एखाद्या ओमची असते, तिला ३० हजार ओमचा भार जाणवतही नाही.

आता रेझिस्टर कुठला? प्रायमरीवर काहीशे व्होल्टचे झटके येतात आणि पाव वॅटवाला साधारण २५० व्होल्टचाच असतो. अर्ध्या वॅटचे १५ किलो-ओमचे दोन सिरीजमध्ये जोडा, वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत उघडा सांधा हिरवा पडायला फार दिवस लागत नाहीत. स्विचच्या स्क्रूखाली नव्या वायरचा लग (टोकाची कडी) घातल्यावर स्क्रू नीट आवळा. पी-लीडच सुटली तर किल्ली बंद असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो आणि हाताने प्रोपेलर हलवणाऱ्याचा हात जातो.

‘आकडा चुकला तर गुणून घ्या.’ चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला एका मॅग्नेटोचे २ पल्स येतात, सहा सिलिंडरला ३. चार सिलिंडरवर लावलेला मीटर सहाच्या इंजिनाला २४०० आरपीएमवर ३६०० दाखवेल. पल्सचं सेटिंग बदलता येतं, स्केल मात्र बदलत नाही. गाडीचा डायल बहुधा ८००० पर्यंत, आणि लायकमिंग आयओ-३६० या विमानाच्या इंजिनाची लाल रेघ, म्हणजे कमाल मर्यादा, २७०० वर. मॅग चेकमध्ये, म्हणजे उड्डाणाआधी एकेक मॅग्नेटो बंद करून आरपीएम किती उतरतो (ड्रॉप) ते बघताना, दोन मॅग्नेटोंच्या ड्रॉपमधला ५० आरपीएमचा फरक पाहायचा असतो. त्या डायलवर तो काट्याच्या जाडीत हरवतो.

‘एक मॅग्नेटो पुरे.’ मॅग चेकला तोच मॅग्नेटो बंद केलात की काटा शून्यावर. म्हणजे ड्रॉप बघायचा, नेमका तेव्हाच आकडा गायब! दोन इनपुटचा मीटर घ्या, प्रत्येक पी-लीडला स्वतंत्र रेझिस्टर द्या. दोन्ही पी-लीड एकमेकींना थेट कधीच जोडू नका, एक बंद केली की दोन्ही बंद होतील.

रोटॅक्स ९१२ (हलक्या विमानांचं इंजिन) वाल्यांनी तर इग्निशनला हातच लावू नये. त्यात टॅकोसाठी वेगळी पिकअप कॉइल आहे, एका फेऱ्याला १ पल्स. तिच्या दोन वायरी मीटरला द्यायच्या, बस.

‘मल्टीमीटरने तपासा, कळेल.’ पी-लीड मॅग्नेटोला जोडलेली असताना काहीच कळत नाही. मॅग्नेटोतले पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) मिटलेले असतील तर शून्य ओम, उघडे असतील तर प्रायमरीचा एखादा ओम, किल्ली कुठेही असो. आधी स्पार्क प्लगच्या लीड काढा, मग पी-लीड मॅग्नेटोकडून सोडवा. सोडवल्याक्षणी मॅग्नेटो जिवंत होतो, म्हणून हा क्रम. मग पी-लीडचं सुटं टोक आणि बॉडी यांमध्ये मोजा: किल्ली ‘ऑफ’ला शून्य, ‘बोथ’ला (दोन्ही मॅग्नेटो चालू) टॅकोमीटरची वायर मीटरकडून सोडवलेली असताना अनंत. आता त्या वायरचं मीटरकडचं टोक मुद्दाम बॉडीला टेकवा. ३० किलो-ओम दिसायला हवेत. शून्य दिसलं तर रेझिस्टर चुकीच्या टोकाला बसलाय.