रसायनांचा टँकर उलटण्यापूर्वी नगरपरिषदेने करावयाची तयारी

सन्माननीय सदस्यहो, परवा आपल्या नगरपरिषदेने नव्या बंबाला हार घातला, नारळ फोडला, फोटोही झकास आले. फोमची, म्हणजे आग झाकणाऱ्या फेसाची, टाकी कोरडी होती, पण ती फोटोत कुठे दिसते? महामार्गालगतच्या इतर गावांनाही हा कित्ता गिरवता यावा, म्हणून या सूचना.

गाडी मार्चअखेरच घ्या. चालवायला माणसं ठेकेदार देईल.

फोम घ्यायचाच झाला तर सगळ्यात स्वस्त घ्या. टँकरवर रसायनाचा क्रमांक १२०३ आहे की १२३०, वाचतंय कोण? पहिलं पेट्रोल, दुसरं मिथेनॉल. मिथेनॉलवर साधा फोम फुटून जातो. त्याला अल्कोहोल-रोधक फोम लागतो आणि तो महाग. शिवाय न वापरता मुदत संपली की लेखापरीक्षक विचारणार, घेतला कशाला?

सल्फ्युरिक ॲसिडसाठी चुन्याच्या चार गोणी पुरेत. किलोभर ॲसिड शमवायला सोडा ॲश (धुण्याचा सोडा) किलोहून थोडा जास्तच लागतो, म्हणजे २० टनांच्या टँकरला २१ टनांच्या वर. पण गणित शिक्षण समितीकडे असतं.

रासायनिक अपघातांविषयीच्या १९९६च्या नियमांप्रमाणे स्थानिक संकट गटाची बैठक दरमहा, रंगीत तालीम सहा महिन्यांनी. इतिवृत्त एकदाच टाइप करा, तारखा बदलत राहा.

श्वसनसंच दोनच घ्या. ६.८ लिटरची बाटली, ३०० बार दाब, म्हणजे साधारण २,००० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ५० मिनिटं. हे कागदावर! व्हॉल्व्हशी झटणारा माणूस याच्या दीडपट हवा सहज ओढतो, आणि दाब ५० बारच्या आसपास उतरून इशाऱ्याची शिट्टी वाजली की त्याला बाहेर पडावंच लागतं. दोघे आत तर दोघे बाहेर सज्ज हवेत, म्हणजे संच चार, जादा बाटल्या, त्या भरायला कॉम्प्रेसर. तुमच्याकडे दोन, त्यांतल्या एकाच्या मास्कचं रबर तडकलेलं, दोन्ही बाटल्यांच्या दाबचाचणीची मुदत उलटलेली. आणि टँकरचं सोडा, जलशुद्धीकरण केंद्रातला ९०० किलोचा क्लोरीन टोनर (मोठं सिलिंडर) तुमचाच आहे ना? क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, सखल वस्तीत उतरतो. गळतीवर थेट पाणी मारलं तर आम्ल तयार होऊन भोक मोठं होतं. हे ठेकेदाराच्या त्या पोरांना कोणी शिकवलंय?

केंद्राने २०२३ मध्ये अग्निशमन आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटींची योजना आणली. पण दरवर्षीचा फोम, गॅसमापकाचे सेन्सर, बाटल्यांची चाचणी हा खर्च तुमच्याच अंदाजपत्रकातून व्हायचा आहे. त्यासाठी वेगळं लेखाशीर्ष उघडा, आणि ते पैसे पेव्हर ब्लॉककडे वळवू नका. अकरा महिन्यांच्या करारावरच्या पोराला तोंडाला ओला रुमाल बांधून गॅसमध्ये पाठवता, लाज कशी वाटत नाही?